उपवासकाळ, भाग चौथा : दुपारचा सैतान

गेल्या भागात आपण येशूच्या तीन मोहांपाशी रेंगाळलो. त्यातली एक गोष्ट या आठवड्यासाठी मुद्दाम राखून ठेवली होती. मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतान येशूला खाली उडी टाकायला सांगतो आणि वर शास्त्राचा आधारही देतो. आधार ९१व्या स्तोत्राचा. देव आपल्या दूतांकरवी तुला अलगद झेलेल, असा त्या अकराव्या-बाराव्या वचनांचा भाव. लगेच पुढच्या, तेराव्या वचनात सिंह आणि साप पायदळी तुडवले जाण्याचं आश्वासन आहे. सैतान नेमका त्याच्या आधी थांबतो. सोयीचं तेवढं सांगायचं आणि उरलेलं गिळायचं, हे त्याला चांगलं जमतं.

याच स्तोत्राच्या सहाव्या वचनात भर दुपारी घात करणाऱ्या संकटाचा उल्लेख आहे. ग्रीक भाषांतरात तिथं चक्क ‘दुपारचा सैतान’ आला, आणि चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी त्याला बरोबर ओळखलं. उपवासकाळाच्या मधल्या आठवड्यात आपली गाठ त्याच्याशीच असते.

सुरुवातीला त्रास होत नाही. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते, अंगात उत्साह असतो, पहिल्या शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला देऊळ भरलेलं असतं. मांस सोडलेलं असतं, कुणी चहा सोडतो, कुणी सिगारेट. (शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे चालतात, हा नियम वसईच्या किनाऱ्यावर पाळणं फार कठीण नाही, ताटात ताजं पापलेट घेऊन त्याला त्याग म्हणायचं म्हणजे जरा अतिच.) तिसरा-चौथा आठवडा उजाडतो तेव्हा मोठा मोह वगैरे काही समोर येत नाही. नुसता कंटाळा येतो. हे सगळं कशासाठी, असं वाटू लागतं. बायबल उघडलं तर तेच पान, प्रार्थनेला बसलं तर घड्याळाकडे लक्ष.

पूर्वी निदान नियम माणसाला ओढून नेत असे. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम सैल केले. आता राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस सक्तीच्या उपवासाचे, तेही अठरा पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल पडेपर्यंत. बाकीचं आपापल्या इच्छेवर. पोपनी विश्वासाने आपल्या हाती दिलं, हे चांगलंच झालं. पण इच्छा ही चीज मधल्या आठवड्यात पहिल्यांदा पाय काढते.

या कंटाळ्याचं सर्वांत बारीक वर्णन इव्हाग्रियस नावाच्या संन्याशाने केलं आहे. काळ्या समुद्राच्या काठच्या पोंतुस प्रांतातला हा माणूस कॉन्स्टँटिनोपलमध्ये उपगुरू होता, विद्वान आणि वक्ता म्हणून नावाजलेला. तिथं तो एका विवाहित स्त्रीच्या प्रेमात पडला, शहर सोडून जेरुसलेमला पळाला, तिथं आजारी पडला आणि शेवटी इजिप्तला येऊन केलिया या संन्याशांच्या वस्तीत ३९९ साली मरेपर्यंत राहिला. पोटापुरतं मिळवायला तो हस्तलिखितांच्या नकला करायचा. मोहाविषयी लिहिण्याचा अधिकार त्याने असा स्वतःच्या जिवावर कमावला होता. पुढे सहाव्या शतकात त्याची काही मतं पाखंडी ठरली, तरी काही पुस्तकं नायलस या दुसऱ्याच्या नावावर टिकून राहिली. उपयोगाचं लिखाण लोक असं सहजी टाकून देत नाहीत.

माणसाला छळणारे आठ विचार इव्हाग्रियसने मांडले. खादाडपणापासून सुरू होणारी ती यादी गर्वापाशी संपते. दोनेक शतकांनी पोप ग्रेगरी यांनी त्यातूनच सात घातक पापांची यादी घडवली. आठांतला सर्वांत जड विचार इव्हाग्रियसच्या मते हाच, दुपारचा. तो साधारण सकाळी दहाला येतो आणि दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी खोलीच्या खिडकीशी जातो, जेवणाच्या वेळेला, म्हणजे तीनला, अजून किती अवकाश आहे ते सूर्याकडे बघून मोजतो. मग कुणी येतंय का, म्हणून रस्त्याकडे डोळे लावतो. हळूहळू ती जागा नकोशी होते, हातातलं काम नकोसं होतं. इथं कुणाला माझी किंमत नाही, असं वाटतं. त्यात कुणी नुकतं दुखावलं असेल तर सैतान तेही वर घालतो. दुसरीकडे जावं, तिथं पोट भरणं सोपं, आणि देव काय, कुठेही भेटेलच की! घरची माणसं आठवतात, पुढचं आयुष्य भलतंच लांबलचक दिसतं.

इव्हाग्रियसचा शिष्य जॉन कॅसियन याने यात एक खोच टिपून ठेवली. हा सैतान पुष्कळदा पुण्याचा सल्ला देतो. अमका आजारी आहे, त्याला भेटून ये. तमकीला कुणी नाही, तिची विचारपूस कर. बसून राहण्यापेक्षा ते बरं नाही का? म्हणून याला नुसता आळस समजायचं कारण नाही. देवासमोर पाच मिनिटं बसवत नाही म्हणून दिवसभर समाजकार्य करणारे आपल्या ओळखीत निघतील, आणि मला वाटतं, आरशात पाहिलं तर तिथंही.

यावर वाळवंटातल्या गुरूंचा उपाय अगदी रुक्ष आहे. त्या वेळी खोली सोडायची नाही. मोठा संकल्प, नवी प्रतिज्ञा असलं काही नको. जे हाती आहे तेच पुढे चालवायचं. संत अँथनींची गोष्ट प्रसिद्ध आहे. (नोव्हेना ज्यांची होते ते पादुआचे अँथनी वेगळे, हे इजिप्तचे, त्यांच्या कितीतरी आधीचे.) कंटाळ्याने ग्रासले असताना त्यांनी देवाला विचारलं, मी करू काय? थोड्या वेळाने बाहेर त्यांच्यासारखाच एक जण दिसला. तो बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करत होता, पुन्हा बसून दोरी वळत होता. तो देवदूत होता. असं कर, तरशील, एवढंच तो म्हणाला.

कॅसियनने सांगितलेली आबा पॉलची गोष्ट तर याच्याही पुढची. पॉल इतका दूर राहायचा की त्याच्या कामाला बाजारात मिळाली असती त्याहून ने-आणीची मजुरी जास्त झाली असती. तरी तो रोज खजुरीची पानं गोळा करून नेमून घेतलेलं काम पुरं करायचा. वर्षाअखेर गुहा भरली की सगळं पेटवून द्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणाच, पण पॉल टोपल्यांसाठी विणतच नव्हता.

दुसरा उपाय उलट उत्तर देण्याचा. येशूने तिन्ही मोहांना अनुवादाच्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिलं, स्वतःचं फारसं काही बोलला नाही. त्यावरून इव्हाग्रियसने आठही विचारांसाठी शास्त्रवचनांचा एक संग्रहच रचला, जवळपास पाचशे वचनांचा. थकलेल्या माणसाला त्या क्षणी शब्द सुचत नाहीत, ते आधीपासून तोंडात असावे लागतात. शिवाय अशा वेळी मनाचे दोन भाग करावेत, असं तो सांगतो. एक रडणारा, दुसरा त्याला धीर देणारा. स्वतःला फटकारणं त्याच्या औषधात बसत नाही, आणि मला हेच फार महत्त्वाचं वाटतं. उपवासकाळ मोडला म्हणून चिडणारा माणूस बहुधा उरलेला उपवासकाळही सोडून देतो.

चर्चला ही मधली थकावट ठाऊक असावी. उपवासकाळातला चौथा रविवार आनंदाचा मानतात. त्या दिवशी धर्मगुरू जांभळ्याऐवजी गुलाबी झगा घालू शकतात, वेदीवर फुलंही चालतात. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस, त्यातले सहा रविवार वगळून चाळीस. म्हणजे रविवारी थोडं सैल सोडायला हरकत नाही. सोमवारी पुन्हा बसायचं.

या आठवड्यात एवढंच करा. जे सोडलं होतं आणि मध्येच पुन्हा धरलं, ते हिशेब न मांडता परत सोडा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी दहा मिनिटं बसा आणि मन लागलं नाही तरी वेळ होईपर्यंत उठू नका. ९१वं स्तोत्र संपूर्ण वाचा, तेराव्या वचनासकट. पुढच्या भागात आठांतला सातवा विचार : उपवास नीट जमला की येणारा पोकळ मोठेपणा.