आमच्यानंतर काय? : दिव्यांग मुलांच्या पालकांचे संघटन आणि कायदा

अपंग मुलाच्या आईवडिलांना एक प्रश्न जन्मभर सोबत करीत असतो. मूल लहान असते तोवर तो मनाच्या कोपऱ्यात पडून असतो. मूल वयात आले की तो रात्री झोपू देत नाही. आपण आहोत तोवर ठीक आहे, आपल्या पश्चात याचे काय? कोण याला जेवू घालील? याच्या नावावरचे चार पैसे कोण सांभाळील, आणि सांभाळणाराच ते गिळंकृत करणार नाही कशावरून? हा प्रश्न जोवर एकेका घरात, चार भिंतींच्या आत विचारला जात होता तोवर त्याला उत्तर नव्हते. ठिकठिकाणचे पालक एकत्र येऊन तोच प्रश्न सरकारला विचारू लागले, तेव्हा त्यातून कायदा झाला. तो कसा झाला, त्यात आहे तरी काय, आणि आपल्या वस्त्यांतील फार थोडे लोक त्याचा लाभ का घेतात, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी २९ लाखांहून अधिक महाराष्ट्रातील होत्या. त्याआधी १९९१ च्या जनगणनेत अपंगत्वाविषयीचा प्रश्नच विचारला गेला नव्हता. संघटनांनी आग्रह धरल्यामुळे तो २००१ मध्ये पुन्हा आला. ज्यांची मोजदादच होत नाही त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कशी होणार? आणि मोजदाद झाली तरी ती पुरी झाली असे म्हणवत नाही. पाहुणे आले की ज्या घरात मुलाला आतल्या खोलीत बसविले जाते, त्या घराने प्रगणकाला काय सांगितले असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

पालकांच्या संघटनांचा इतिहास पाहू गेल्यास त्यांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी एखादी आई सापडते. इंग्लंडमध्ये ज्युडी फ्राइड नावाच्या बाईंनी १९४६ साली ‘नर्सरी वर्ल्ड’ या मासिकाला एक पत्र लिहिले. त्यांच्या मुलीला कोणत्याही शाळेत जागा नव्हती. माझ्यासारखे आणखी पालक असतील तर त्यांनी मला कळवावे, एवढाच त्या पत्राचा आशय. उत्तरे शेकड्यांनी आली. त्यातून उभी राहिलेली संघटना पुढे ‘मेनकॅप’ या नावाने प्रसिद्धीस आली, आणि १९७० साली तेथे असा कायदा झाला की बौद्धिक अपंगत्वाच्या कारणावरून कोणत्याही मुलाला शिक्षणाबाहेर ठेवता येणार नाही. एका पत्रापासून कायद्यापर्यंत जायला चोवीस वर्षे लागली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडेही असेच घडले. मुंबईत जय वकील आणि त्यांच्या पतींनी १९४४ साली आपल्या मुलीसाठी घरीच शिकवणी सुरू केली. आज त्यांच्या नावाची मोठी शाळा शिवडीला आहे. डॉ. मिथू अलूर यांच्या मुलीला मेंदूचा पक्षाघात होता. तिच्यासारख्या मुलांकरिता त्यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था काढली. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे उच्चशिक्षित झाली आणि तिने स्वतःचे आत्मकथन प्रसिद्ध केले. दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली स्वमग्न मुलांसाठी ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली, त्याही स्वमग्न मुलाच्या आईच.

या सर्वांचे कार्य मोठे आहे यात शंका नाही. पण येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. ही माणसे शिकलेली होती, चार ठिकाणी त्यांच्या ओळखी होत्या, आणि मुलासाठी शाळा नाही म्हणून शाळाच काढण्याची त्यांची ऐपत होती. गिरणीतून कमी झालेल्या कामगाराला, घरकाम करणाऱ्या बाईला किंवा गावाकडील शेतमजुराला ते कसे जमावे? त्याला शाळा काढता येत नाही. त्याला दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून जिल्हा रुग्णालयात जावे लागते, आणि डॉक्टर रजेवर आहेत म्हणून परत यावे लागते. म्हणून संघटनेची खरी गरज त्याला अधिक आहे. संघटित होण्याचा अर्थ काय असतो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

पालकांचा संघ नेमके काय करतो? बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की महिन्यातून एकदा जमतात, चहा घेतात आणि आपली दुःखे उगाळतात. तसेही होते, आणि ते व्हायलाही हवे. मूल अपंग जन्मले की पहिला दोष आईवर येतो. मागच्या जन्मीचे पाप म्हणून सासू बोलते, शेजारीण बोलते, आणि काही दिवसांनी ती बाई स्वतःच तसे म्हणू लागते. अशाच एका बैठकीत एक आई म्हणाली, “आम्ही इथे वीस जणी बसलो आहोत. वीस जणींनी मिळून एकच पाप केले होते काय?” सगळ्या हसल्या. कोणा तज्ज्ञाच्या व्याख्यानाने झाले नसते ते त्या हसण्याने झाले, असे मला वाटते.

दुसरे काम माहितीचे. कोणत्या रुग्णालयात कोणत्या वारी मंडळ बसते, अर्जासोबत काय जोडावे लागते, कोणत्या शाळेतील बाई मुलाला खरोखर शिकवितात आणि कोणत्या नुसते सांभाळतात, हे ज्ञान छापील पुस्तकात सापडत नाही; दहा वर्षे हेलपाटे घातलेल्या पालकापाशीच ते असते. तिसरे काम बरोबर जाण्याचे. कार्यालयात एकटी गेलेली बाई ‘उद्या या’ ऐकून परतते. पाच जण गेले की साहेब खुर्ची देतात, हा सर्वांचा अनुभव आहे. अशा बैठकांना वडीलमंडळी मात्र फार कमी दिसतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता कायद्याकडे वळू. सिकंदराबाद येथे १९८४ साली मतिमंदांसाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि तिने ठिकठिकाणच्या पालकांना संघटित होण्यास उत्तेजन दिले. १९९५ साली ‘परिवार’ हा पालक-संघटनांचा राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. त्याच वर्षी अपंगांसाठीचा पहिला सर्वसमावेशक कायदा संसदेने मंजूर केला. त्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, शासकीय नोकरीत ३ टक्के आरक्षण होते. परंतु स्वमग्नतेचा त्यात उल्लेख नव्हता, आणि जी मुले मोठी होऊनही स्वतःचे व्यवहार पाहू शकणार नाहीत त्यांच्या पालकत्वाचे काय, यावर तो गप्प होता. ‘आमच्यानंतर काय’ हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर म्हणून १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी तो आहे. पालकाच्या मृत्यूनंतर मुलाची काळजी आणि संरक्षण यांची व्यवस्था करणे हे त्याच्या उद्दिष्टांतच लिहिलेले आहे. सरकारने न्यासाला १०० कोटी रुपयांचा निधी दिला, आणि न्यासाच्या मंडळावर पालक-संघटनांच्या तीन प्रतिनिधींची तरतूद केली. जे लोक कालपर्यंत कार्यालयाच्या दाराशी उभे होते त्यांना कायद्याने आत खुर्ची दिली. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना आहे. तीत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि आधी वैद्यकीय तपासणी करावी लागत नाही.

२०१६ साली १९९५ च्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली. त्यात सातांऐवजी एकवीस प्रकार आले, नोकरीतील आरक्षण ४ टक्के झाले, आणि ‘मतिमंद’ हा शब्द जाऊन ‘बौद्धिक अक्षमता’ हा आला. ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५ च्या अखेरीपासून रूढ झाला. शब्द चांगला असावा याबद्दल दुमत नाही. मात्र मुलाला गल्लीतील पोरे कोणत्या नावाने हाक मारतात ते आईला विचारावे.

बँकेत नोकरी करीत असल्यामुळे एका बाबीवर मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. ती म्हणजे वयाची १८ वर्षे. मूल १८ वर्षांचे होईपर्यंत आईवडील त्याचे नैसर्गिक पालक असतात. अठरावा वाढदिवस झाला की कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान होतो, मग त्याला दहापर्यंत मोजता येवो अथवा न येवो. त्या दिवसापासून आईवडिलांना त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार राहत नाही. घरी काहीच बदललेले नसते. आई त्याला भरवीत असते, आंघोळ घालीत असते. पण काउंटरवर ती परकी ठरते.

आमच्या शाखेत एक निवृत्त शिक्षक आपल्या २३ वर्षांच्या मुलाला घेऊन आले होते. मुलाच्या नावे त्याच्या आजीने ठेव ठेवली होती. तिची मुदत संपली होती, आणि मुलाच्या शस्त्रक्रियेला पैसे हवे होते. ते पुन्हापुन्हा म्हणत होते, “अहो, मी याचा बाप आहे.” ते खरेच होते. परंतु सज्ञान माणसाच्या खात्यातून त्याचा बाप पैसे काढू शकत नाही, हा नियमही त्याच मुलाच्या संरक्षणासाठी आहे. कारण उद्या काउंटरवर बाप नसेल, चुलता असेल.

यावरचा उपाय १९९९ च्या कायद्यात आहे. प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक पातळी समिती असते. जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असे तिचे सदस्य. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तिच्याकडे पालक नेमण्यासाठी अर्ज करू शकतात. पूर्वी याकरिता न्यायालयात जावे लागे. २००७ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना कळविले की या समितीच्या दाखल्यावर विसंबून खाते उघडता व चालविता येईल. तसेच समितीची माहिती शाखेत दर्शनी जागी लावावी, अशाही सूचना तिने दिल्या होत्या. आपण बँकेत जातो तेव्हा भिंतीवरचे फलक किती जण वाचतात? त्या शिक्षकांना समितीचे नावही ठाऊक नव्हते, आणि ते चाळीस वर्षे मुलांना शिकवीत आले होते.

समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी असे कायदा म्हणतो. काही ठिकाणी ती वेळेवर होत नाही. अशा वेळी एकट्या पालकाच्या अर्जाने हलत नाही ते पालक-संघाच्या पत्राने हलते. माहिती अधिकाराचा कायदाही २००५ पासून हाताशी आहे.

पालकत्वाच्या बाजूने लिहिताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याला थोडीफार समज आहे, ज्याला काय हवे ते खुणेने का होईना सांगता येते, त्याचा सगळा कारभार दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे त्याला कायमचे मूल ठरविणे होय, असे स्वतः दिव्यांग असलेले अनेक जण म्हणतात. २०१६ च्या कायद्याने म्हणूनच ‘मर्यादित पालकत्व’ आणले: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक मुदतीपुरते, आणि त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून. मला हे तत्त्व पटते. परंतु ज्या मुलाला नोट आणि कागद यांतील फरक कळत नाही, त्याच्या आईला आजच्या दिवशी दाखल्यावाचून गत्यंतर नाही, हेही तितकेच खरे.

नोकरदार पालकांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अपंग मुलाला वयाची २५ वर्षे उलटल्यावरही हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. त्याचे नाव पालकांनी आपल्या हयातीतच कार्यालयात नोंदवून घ्यावे. मागाहून भावाबहिणींना जुनी कागदपत्रे शोधत फिरावे लागते, आणि तोवर महिने जातात.

आयुर्विम्याच्या अशा काही योजना होत्या की हप्ते आईवडिलांनी भरायचे, पण मुलाला पैसे त्यांच्या मृत्यूनंतरच मिळायचे. प्राप्तिकरातील सवलतीची अटच तशी होती. म्हणजे मुलाला मदत मिळावी म्हणून बापाने मरावयास हवे! एका पालकाने या अटीविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २०१९ च्या जानेवारीत निकाल त्याच्या विरुद्ध गेला, पण न्यायालयाने सरकारला या अटीचा फेरविचार करण्यास सुचविले. २०२२ च्या अर्थसंकल्पात ती बदलली, आणि पालकाची साठी झाल्यावर त्याच्या हयातीतच मुलाला पैसे मिळाले तरी सवलत कायम राहू लागली. हरलेल्या दाव्याने कायदा बदलला.

मालमत्तेच्या बाबतीत गावोगाव एक गैरसमज आढळतो, की वेड्यागबाळ्या मुलाला हिस्सा नसतो. हे साफ खोटे आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि त्याचे कलम २८ सांगते की रोग, व्यंग किंवा विकृती या कारणाने कोणाचाही वारसाहक्क जात नाही. सातबाऱ्यावर त्याचे नाव लागलेच पाहिजे. आईवडिलांनी इच्छापत्र करताना त्याचा हिस्सा स्पष्ट लिहावा आणि आपल्या पश्चात पालक म्हणून कोणी अर्ज करावा तेही लिहून ठेवावे. बहुधा ते नाव भावाचे किंवा बहिणीचे असते. त्यांना हे अगोदर विचारले जाते का? पालक-संघाच्या बैठकीला या भावंडांना वेळीच घेऊन जावे, कारण आईवडिलांपेक्षा अधिक वर्षे त्यांनाच निभवायचे आहे, आणि त्यांच्याही मनात कितीतरी गोष्टी साठलेल्या असतात.

नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांच्या आत मुलाच्या मालमत्तेची यादी, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेर, जमाखर्चाचा हिशेब सादर करावयाचा असतो. गैरव्यवहार झाल्यास समिती त्याला दूर करू शकते. पुष्कळ लोक दाखला मिळाला की हे विसरतात. हिशेबाची वही कशी आखावी हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांनी संस्थेत रविवारी सकाळी यावे. आम्हा बँकवाल्यांपैकी कोणीही ती आखून देईल.