नकाशाचे प्रमाण आणि पैठणीचा रंग

गेल्या वर्षी दादरला माझ्या पुतणीचे लग्न झाले. ती माझ्या दिवंगत मातोश्रींची मोरपिशी पैठणी नेसली होती. पैठणी घड्यांवर विरली आहे. यापुढे ती कोणी नेसेल असे वाटत नाही. निदान छायाचित्रात तिचा रंग राहावा, एवढीच आम्हा सर्वांची इच्छा. परंतु अल्बम उघडून पाहतो तो पैठणी मळकट, वधूचे मुख निस्तेज आणि कुंकू विटकरीसारखे! छायाचित्रकार वाकबगार होता. त्याने कॅमेऱ्यात कोणता रंगावकाश निवडला आहे, हे मात्र छापणाऱ्याच्या ध्यानी आले नव्हते.

कलर स्पेस, म्हणजे रंगावकाश, ही वस्तू काय आहे? डिजिटल छायाचित्रात रंग नसतात, आकडे असतात. प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा व निळा यांचे, बहुधा 0 ते 255 या मर्यादेतील, तीन आकडे. तीन रंगांतून सर्व रंग साधण्याची कल्पना मुंबईस नवी नव्हे. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी तिरंगी छपाईच्याच उद्योगात होते व त्यासाठी 1909 मध्ये जर्मनीस जाऊन आले. तेथे शाई, येथे प्रकाश.

आता मास्तरकीच्या सवयीने नकाशाच भिंतीवर लावतो. दोन गावांत 3 सेंटिमीटर अंतर आहे असे म्हटल्याने काय कळले? एका सेंटिमीटरास किलोमीटर किती, हे कोपऱ्यात लिहिलेले असावे लागते. रंगावकाश म्हणजे आकड्यांचे हे प्रमाण. एसआरजीबी हे लहान प्रमाण ह्यूलेट-पॅकर्ड व मायक्रोसॉफ्ट यांनी 1996 मध्ये साध्या पडद्यांसाठी मांडले. अॅडोबी आरजीबी 1998 चे. त्याचा विस्तार विशेषतः हिरव्या व निळसर हिरव्या रंगांकडे अधिक, म्हणजे नेमका आमच्या मोरपिशीकडे! कॅमेऱ्याने मोठ्या प्रमाणाने मोजलेले आकडे छापणाऱ्याच्या यंत्राने लहान प्रमाणाने वाचले. अंतरे आखडली, रंग करड्याकडे सरकले.

मग मोठे प्रमाणच नेहमी का घेऊ नये? कारण आकडे तेवढेच राहतात आणि पायऱ्या मात्र रुंदावतात. आकाशाच्या छटेत कधी पट्टे दिसू लागतात. शिवाय लालबागच्या मिरवणुकीतील गुलाल आप्तांच्या फोनवर धाडावयाचा, तर त्याला एसआरजीबी पुरेसे आहे, व तेच निर्धोक. माझे मत स्पष्ट सांगतो: घरगुती कॅमेऱ्यास तेच ठेवावे. उत्तम छपाईची हौस असेल त्याने रॉ फाइल ठेवावी. तिच्यावर ही निवड लादली जात नाही, ती मागाहून करता येते. कॅमेऱ्याने दिलेल्या फाइलच्या नावाआरंभी अधोरेषा दिसली, तर ती बहुधा अॅडोबी आरजीबीची समजावी व छापावयास देताना तसे सांगावे.

आमच्या मूळ फाइली सुदैवाने शाबूत होत्या. त्या एसआरजीबीत रीतसर रूपांतरित करून पुन्हा छापल्या, तेव्हा मुख व कुंकू जागच्या जागी आले. मोरपिशी मात्र किंचित उणी राहिली, कारण तो रंग त्या प्रमाणाच्या कडेबाहेरचा. म्हणून एकच चित्र मोठ्या प्रमाणानेच, चांगल्या शाईच्या यंत्रावर छापून घेतले. पुतणीने त्याच्या शेजारी पैठणीचा पदर धरला आणि आम्ही तो खिडकीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिलो.