स्थिर विजेला जमिनीची वाट

अँटी-स्टॅटिक कोट इलेक्ट्रॉनिक्सच्या कामात घालतात तो अंगावरच्या शर्टासाठी. कामगाराच्या शरीरावरची वीज मनगटी पट्ट्यातून जमिनीत उतरते; पट्ट्याच्या तारेत १ मेगाओहमचा रोध असतो, म्हणजे चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी प्राणघातक प्रवाह वाहत नाही. पॉलिएस्टरचा शर्ट मात्र विजेचा वाहक नाही, त्यामुळे त्यावरची वीज पट्ट्याने उतरत नाही. ती झाकून ठेवणे हे कोटाचे काम. साधारण ३,००० व्होल्टच्या खालचा झटका बोटाला जाणवतही नाही, आणि काही नाजूक चिपा १०० व्होल्टच्या आतच जायबंदी होतात. चिप जागीच मेली तर बरे. अर्धवट दुखावलेली चिप तपासणीतून सुटते आणि पुढे गिऱ्हाइकाकडे बंद पडते.

कोटाचे कापड जवळून पाहिले तर पॉलिएस्टर-सुतात काळसर रेघांची बारीक जाळी दिसते. हे कार्बनयुक्त वाहक धागे, बहुधा ५ मिलिमीटरच्या चौकटीत विणलेले. खरी कसोटी शिवणीची असते. बाहीची जाळी पाठीच्या जाळीला विजेच्या दृष्टीने जोडली गेली नाही, तर ती बाही अधांतरीच राहते. म्हणून बाहीचे टोक मनगटाला चिकटून हवे आणि बटणे सगळी लावलेली हवीत.

रोह्याजवळ कुंडलिकेकाठच्या धाटाव एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत ज्वालाग्राही द्रावके हाताळताना याच जातीच्या कापडावर माणसाचा जीव अवलंबून असतो. टोल्युइनची वाफ पेटायला मिलिज्यूलचा चौथा हिस्सा पुरतो. १०,००० व्होल्टपर्यंत भारित झालेल्या माणसाच्या अंगात ५ ते १० मिलिज्यूल ऊर्जा असते. वाफेच्या जागेत कोट काढणे किंवा त्याची बटणे सोडणे निषिद्ध, कारण कपडा अंगापासून सुटतानाच वीज वेगळी होते. नुसता कोट तिथे अपुरा आहे. बूट वीज जिरवणारे हवेत, फरशीवर रोधक रंग नको, आणि पिंप क्लँपने जमिनीशी जोडलेले हवे.

पेण-रोह्याच्या दमट हवेत सुती कपड्यावर ओलाव्याचा पातळ थर बसतो, त्यामुळे पावसाळ्यात झटके क्वचितच बसतात. त्या भरवशावर राहणे धोक्याचे. वातानुकूलित खोलीत हवा कोरडी होते, आणि पाइपातून वाहणाऱ्या टोल्युइनमध्ये तयार होणाऱ्या विजेला बाहेरच्या पावसाशी काही देणेघेणे नाही. म्हणूनच इलेक्ट्रॉनिक्सच्या कोटांची चाचणी मुद्दाम सुमारे १२ टक्के आर्द्रतेत घेतात.

धुलाईने हे कपडे हळूहळू निकामी होतात. ब्लीच वापरू नये, कापड मऊ करणारी द्रव्येही टाळावीत, आणि इस्त्री बेताची असावी. तुटलेला वाहक धागा नजरेला दिसत नाही, तेव्हा ठरावीक धुण्यांनंतर एका बाहीपासून दुसऱ्या बाहीपर्यंत मीटर लावून रोध मोजतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामासाठी तो १०० अब्ज ओहमच्या आत भरला पाहिजे. त्यापुढे गेलेला कोट वापरातून काढून टाकतात.