भंगारातून उठलेली लिबरेटर

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानने शरणागती पत्करली आणि भारतातल्या लष्करी विमानतळांवर एक नवाच प्रश्न उभा राहिला. लढाईसाठी आणलेल्या विमानांचे आता करायचे काय? कानपूरच्या चकेरी तळावर ब्रिटिश रॉयल एअर फोर्सची बी-२४ लिबरेटर ही चार इंजिनांची अवजड बॉम्बर विमाने रांगांनी उभी होती. त्यांतली कित्येक काही महिन्यांपूर्वीपर्यंत ब्रह्मदेशावरच्या मोहिमांत होती. ती जुनी नव्हती, मोडलेलीही नव्हती. अडचण कागदाची होती. अमेरिकेने ती ‘लेंड-लीज’ कराराखाली ब्रिटनला दिली होती आणि युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा नष्ट करायची, अशी अट होती.

परत घ्यायला अमेरिका उत्सुक नव्हती. युद्धकाळात तिथल्या कारखान्यांनी एकट्या लिबरेटरच अठरा हजारांहून अधिक बांधल्या होत्या आणि १९४६ साली ॲरिझोनातल्या किंगमन इथे पाच हजारांहून जास्त लढाऊ विमाने भट्टीत वितळवण्याची वाट पाहत उभी होती. तेव्हा चकेरीतली विमाने जागच्या जागी निकामी करायचे ठरले. इंजिनांत वाळू-माती गेली, यंत्रांवर घण पडले, पत्र्याला भोके पडली. काम उरकून पथके मायदेशी परतली आणि सांगाडे कानपूरच्या उन्हापावसात तसेच राहिले.

दोन वर्षांनी परिस्थिती पालटली. देश स्वतंत्र झाला, पाठोपाठ काश्मीरचे युद्ध पेटले आणि भारतीय हवाई दलाकडे अवजड बॉम्बर एकही नाही, हे ठळकपणे समोर आले. नवी विमाने घ्यायला पैसा नव्हता आणि द्यायला कोणी राजीही नव्हते. तेव्हा नजर चकेरीच्या त्या रांगांकडे वळली. परदेशी जाणकारांचे मत, ती पुन्हा उडणे शक्य नाही, असे होते. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने (आजच्या एचएएलने) मात्र काम अंगावर घेतले.

बंगळुरूच का?

या हिमतीमागे आठ वर्षांचा इतिहास होता. सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीत ही कंपनी काढली. दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि भांडवल दिले, तर अमेरिकन उद्योजक विल्यम पॉली यांनी यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले. पण जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपल्यावर विमाने बांधण्यापेक्षा दुरुस्त करणे निकडीचे ठरले. १९४२ मध्ये भारत सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि १९४३ मध्ये कारखाना अमेरिकन हवाई दलाच्या हाती गेला. युद्ध संपेपर्यंत तिथे डाकोटा, कॅटालिना आणि लिबरेटर या विमानांची दुरुस्ती चालू होती.

इथेच या गोष्टीची किल्ली आहे. १९४८ मध्ये चकेरीला गेलेल्या बंगळुरूच्या मिस्त्री-फिटरांना लिबरेटर अनोळखी नव्हती. कुठला पाइप कुठे जातो, पंखातली तेलटाकी कुठल्या बाजूने उघडते, ट्विन वास्प इंजिनाचा कुठला भाग आधी सुटतो, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. तोडणाऱ्यांनी प्रत्येक विमान मोडले होते, पण प्रत्येक विमान सारखे मोडले नव्हते. एकाचे इंजिन गेलेले असले तर दुसऱ्याची शेपटी. तिसऱ्याच्या कॉकपिटमधली घड्याळे शाबूत. एकाचे काढून दुसऱ्याला लावत, पत्र्याला ठिगळे देत ही मंडळी विमाने निदान बंगळुरूपर्यंत उडतील इतकी सावरत गेली.

ती उडवत आणण्याची जबाबदारी कंपनीचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद ‘जिमी’ मुनशी यांच्यावर होती. ठिगळे लावलेली, दोन वर्षे उघड्यावर पडलेली चार इंजिनांची धूड उत्तर प्रदेशातून दख्खनचे पठार ओलांडून न्यायची होती. बंगळुरूत पोचल्यावर प्रत्येक विमान पूर्ण उघडून नव्याने जोडले जाई. अशी सुमारे ४२ विमाने हवाई दलाला मिळाली. २ नोव्हेंबर १९४८ रोजी पाचव्या स्क्वाड्रनची स्थापना झाली, ती याच लिबरेटरच्या भरवशावर. पुढे १९५१ मध्ये सहावी स्क्वाड्रन उभी राहिली, तिच्याकडे सागरी टेहळणीचे काम आले आणि पुण्याच्या लोहगावला चार इंजिनांची ही घरघर नेहमीची झाली.

त्याच १९५१ साली मुनशींनी बंगळुरूत आणखी एक विमान प्रथमच हवेत नेले. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या पथकाने आखलेले एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान. जर्मनीत गटिंगनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या या मराठी शास्त्रज्ञाच्या नावाने ते विमान ओळखले जाते आणि ते योग्यच आहे. पण ज्या कारखान्यात ते घडले, तिथल्या कामगारांचे शिक्षण परक्यांच्या मोडक्या विमानांवर झाले होते, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे.

साठवण हे एक शास्त्र आहे

चकेरीत विमाने टाकली गेली होती, साठवली गेली नव्हती. हा फरक समजायला ॲरिझोनातल्या टूसॉनचे उदाहरण घ्यावे. तिथल्या डेव्हिस-मॉन्थन तळाला लागून सुमारे २६०० एकरांवर अमेरिकेचे लष्करी विमानांचे आगार आहे. जागा निवडली ती हवामान आणि जमीन पाहून. वर्षाकाठी पाऊस सुमारे तीनशे मिलिमीटर, बंगळुरूच्या तिसऱ्या हिश्शाइतका. माती इतकी घट्ट, की फरसबंदी न करता अवजड विमाने ओढत नेता येतात.

विमान आल्यावर आधी शस्त्रे आणि वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली स्फोटके काढतात. मग सगळे इंधन उपसून इंधनाच्या नळ्यांतून पातळ तेल फिरवतात, म्हणजे आतून गंज चढत नाही. विमान धुऊन त्याचे सांधे आणि भोके बंद करतात आणि वरच्या भागावर पांढऱ्या लेपाचा थर देतात. त्यामुळे वाळवंटी उन्हात आतले रबर, तारा आणि काच भाजून निघत नाही. काही विमाने पुन्हा उडवायची म्हणून राखलेली असतात, काही सुट्या भागांसाठी आणि काही शेवटी तोडण्यासाठी.

तोडणेही कधी कधी राजकारण असते. सोव्हिएत संघाशी अण्वस्त्रकपातीचा करार झाल्यावर बी-५२ बॉम्बरचे इथे क्रेनला टांगलेल्या प्रचंड पात्याने तुकडे केले गेले आणि ते काही काळ उघड्यावर तसेच ठेवले गेले. समोरच्या पक्षाच्या उपग्रहाला ते दिसले पाहिजेत, अशी कराराचीच गरज होती. करारापायी विमाने तोडणे चकेरीतही झाले होते. टूसॉनमध्ये फक्त साक्षीदार अवकाशात होता.

आपल्याकडे विमान निवृत्त कसे होते

भारतात असे एकत्र आगार नाही. एकेका विमानाला ठरावीक उड्डाणतास आणि ठरावीक वर्षे नेमून दिलेली असतात. त्यांपैकी जे आधी संपेल, त्यावर आयुष्य संपते किंवा दुरुस्ती करून वाढवले जाते. वाढवणे परवडेनासे झाले की विमान यादीवरून कमी होते. मग त्याचे चांगले भाग त्याच जातीच्या चालू विमानांकडे जातात. तळांवर पंख, चाके, कॉकपिटची काच काढलेली विमाने कडेला उभी दिसतात, ती याच टप्प्यावर असतात. उरलेल्याचे दोन मार्ग: एखाद्या तळाच्या, महाविद्यालयाच्या किंवा चौकाच्या चौथऱ्यावर उभे राहायचे, किंवा शस्त्रे-यंत्रे काढून लिलावात जायचे. सरकारी भंगाराचे लिलाव पुष्कळदा एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत होतात. घेणाऱ्याला हवे असते ॲल्युमिनियम. पण जुन्या घड्याळांवरचा अंधारात चमकणारा रेडियमचा रंग, हायड्रॉलिक तेल आणि पेटली तर सहजी न विझणारी मॅग्नेशियमची मिश्रधातू, यांमुळे जुने लढाऊ विमान फोडणे साध्या पत्रा-भंगाराइतके निर्धोक नसते.

सुट्या भागांचा टप्पा किती मोलाचा असतो, ते बंगळुरूतच पाहावे. जग्वार भारताने १९७९ पासून वापरली आणि पुढे ती एचएएलने बंगळुरूत बांधलीही. फ्रान्सने जग्वार २००५ मध्ये आणि ब्रिटनने २००७ मध्ये निवृत्त केली, आपल्याकडे ती उडत राहिली. भाग बनवणारे कारखाने बंद झाल्यावर भाग आणायचे कुठून? २०१८ मध्ये फ्रान्सने ३१ निवृत्त जग्वारचे सांगाडे भारताला द्यायचे मान्य केले. परक्यांच्या लेखी मोडीत गेलेली वस्तू इथे गरजेची ठरते, हा १९४८ चाच हिशेब सत्तर वर्षांनी पुन्हा मांडला गेला.

जिथे जगली, तिथे उरली नाही

भारताने लिबरेटर डिसेंबर १९६८ पर्यंत वापरली. तोवर जगातल्या इतर हवाई दलांनी ती केव्हाच सोडली होती. अमेरिकन बनावटीच्या, ब्रिटिशांनी तोडलेल्या आणि बंगळुरूत उठवलेल्या या विमानांना एकाएकी भाव आला. कॅनडाने एक लिबरेटर घेतली आणि बदल्यात लायसँडर हे जुने विमान दिले. ते आज दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात आहे आणि लिबरेटर ओटावात. १९६९ मध्ये एक अमेरिकेला टूसॉनच्या पिमा संग्रहालयासाठी गेली. ती आता त्या जगप्रसिद्ध आगाराच्या शेजारीच उभी आहे. एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमला मिळाली, म्हणजे ज्यांनी तोडली त्यांनीच जपायला नेली. आणखी एक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुटी करून इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोचली आणि कॉलिंग्ज फाउंडेशनने १९८९ मध्ये ती पुन्हा आकाशात नेली. कित्येक वर्षे तिकीट काढून लोक तिच्यातून फिरले.

भारतात राहिली ती पालमची लिबरेटर. बंगळुरूच्या एचएएल संग्रहालयात, २००१ पासून जिथे मारुत, अजित, किरण अशी घरची मंडळी हिरवळीवर उभी आहेत, तिथे ती नाही. मारुत तर बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात आणि मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रातही आहे. या साऱ्या विमानांचे मुख्य शत्रू म्हणजे पाणी, ऊन आणि पक्षी. पाणी निघून जायला पोटाखाली छिद्रे लागतात, हवा घेणारी तोंडे जाळीने बंद करावी लागतात, नाहीतर कबुतरे घरटी करतात आणि विष्ठेने धातू पोखरला जातो. चाकांवरचा भार उचलून आधारावर घ्यावा लागतो, कारण रबर आधी खचते. दर काही वर्षांनी रंग लागतो. रंग बाहेरून लागतो, गंज मात्र आतून चढतो.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ ने शेवटचे उड्डाण केले. १९६३ पासून भारताने ८७० हून अधिक मिग-२१ घेतली आणि त्यांतली सहाशेहून अधिक एचएएलने बांधली. नाशिकजवळच्या ओझरशी तर या विमानाचे नावच जोडले गेले आहे. यापुढे अनेक शहरांतून, महाविद्यालयांतून चौथऱ्यासाठी मिगची मागणी होईल आणि ती पुरीही होईल. उत्सवाला नेते येतील, फलक लागेल. त्यात गैर काही नाही.

पण चकेरीची विमाने उठली ती पत्र्याच्या दर्जामुळे नव्हे. पत्रा तर सगळ्यांना तोच दिसत होता. ती उठली, कारण त्यांना आतून ओळखणारे हात बंगळुरूत होते. म्हणून प्रत्येक सांगाड्याबरोबर त्याचे लॉगबुक, दुरुस्तीच्या नोंदी आणि ते काम केलेल्या कारागिरांच्या तोंडच्या हकिकती जपण्याची सोय व्हायला हवी. ओझरला मिगच्या पंखांवर, ओडिशातल्या कोरापुटला तिच्या इंजिनांवर आयुष्य घालवलेले कितीतरी लोक आज साठी-सत्तरीत आहेत. चौथरा बांधायला निविदा निघते. या माणसांकडे बसून ऐकायला एक ध्वनिमुद्रक आणि कागद ठेवायला एक कोरडे कपाट पुरेल, आणि ते काम याच दशकात करावे लागेल.