शिसे, धमनी आणि आपली औषधे

उच्च रक्तदाबाचा रुग्ण समोर बसला की आपण आहार, निद्रा, चिंता, कुलवृत्त हे सारे विचारतो. शिशाविषयी क्वचितच विचारतो. बॅटरी दुरुस्ती, जुना रंग खरवडणे, शिशाचे ओतकाम असे व्यवसाय करणाऱ्यांच्या बाबतीत ही उणीव महागात पडते.

धमनीच्या मध्यस्तरातील मृदू पेशी कॅल्शियमच्या इशाऱ्यावर आकुंचन पावतात. पेशीत शिरलेले कॅल्शियम कॅल्मोड्युलिन या प्रथिनाशी जोडले जाते आणि तेथून आकुंचनाची साखळी सुरू होते. शिशाचा आयन कॅल्शियमप्रमाणेच द्विभारित असल्याने तो कॅल्शियमची ही जागा बळकावतो व प्रोटीन कायनेज-सी हे विकर अत्यल्प मात्रेतही चेतवतो. दुसरीकडे अंतःस्तरातून निघणारा, पेशींना शिथिल करणारा नायट्रिक ऑक्साइड शिशामुळे वाढलेल्या मुक्त मूलकांच्या तावडीत सापडून कमी पडतो. वेगळ्या काढलेल्या धमनीपट्ट्यांवरील प्राणिप्रयोगांचे निष्कर्ष मात्रा व कालावधीनुसार भिन्न आले आहेत. दीर्घकाळच्या संपर्काने रक्तदाब वाढतो, हे मात्र पक्के आहे. 'व्यानवायूची विकृती' एवढे म्हणून मोकळे होण्याचा मोह आम्ही आवरतो.

शिसे औषधातूनही येते, हे लिहिणे आम्हांस अवघड वाटते; पण लिहिले पाहिजे. बोस्टन परिसरातील दुकानांत मिळणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. १४ उत्पादनांत जड धातू आढळले, त्यांपैकी १३ मध्ये शिसे होते. पुढे निव्वळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जानेवारी २००६ पासून चाचणी सक्तीची झाली. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले, तरी रस्त्याकडेच्या मातीतील शिसे तेथेच आहे. म्हणून औषधनिर्मात्यांनी वनस्पती कोठून आली, हेही पाहावे.

'आमचे नागभस्म वारितर आहे, निरुत्थ आहे', असे उत्तर नेहमी मिळते. निरुत्थ परीक्षेत चांदीसह तापविल्यावर चांदीचे वजन वाढत नाही. म्हणजे धातू मूळ रूपात परतत नाही. आमाशयातील अम्लात त्याचा किती अंश विरघळून रक्तात जाईल, हे ती परीक्षा सांगत नाही. रक्तातील शिशाचे प्रमाण साधारण महिन्याभरात निम्मे होते; अस्थींत साठलेले शिसे मात्र दशके राहते आणि गर्भावस्थेत, स्तन्यकाळात पुन्हा रक्तात उतरते. गर्भिणी, स्तन्यदा व बालके यांना नागकल्प देऊच नयेत. इतरांना ज्यांना द्यावासा वाटतो, त्यांनी आधी व मध्यंतरी रक्तातील शिसे तपासून घ्यावे आणि रुग्णपत्रिकेत औषधाचा घान क्रमांक टिपून ठेवावा.