नायिकेस कोणी विचारलें काय ?

कादंबरी वाचणें हें व्यसन आणि प्रेमाची कादंबरी वाचणें हें त्याहून मोठें व्यसन, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही अद्याप पुरता मावळलेला नाहीं. वडील मंडळींनीं आपल्या तरुणपणीं जें पुस्तक उशाखालीं ठेवून वाचलें, तेंच मुलीच्या हातीं दिसलें कीं त्यांच्या कपाळास आठ्या पडतात. ग्रंथालयांतून प्रेमकथा नेणारा सभासद तिच्यावर एखादें थोर पुरुषाचें चरित्र ठेवूनच ती नोंदीस आणतो. आपली आवड सांगण्याची अशी लाज वाटूं लागली म्हणजे या प्रकारच्या लेखनांत चांगलें कोणतें व वाईट कोणतें, याची चर्चाच बंद पडते. आणि ज्या मालाची चारचौघांत पारख होत नाहीं त्यांत भेसळ वाढते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. सबब आम्ही आज आमची आवडनिवड उघड सांगणार आहों, आणि ती ज्या कसोटीवर ठरविली ती कसोटीही वाचकांपुढें ठेवणार आहों.

ती कसोटी एका प्रश्नाची आहे. कथेंतील नायिकेस कोणी विचारलें काय ? तिच्या होकारानें किंवा नकारानें कथेची वाट बदलते काय ? नायकाचें रूप, भाषेचें माधुर्य, चांदण्याचीं वर्णनें या सर्वांचा विचार मागाहून.

हा प्रश्न मराठी कादंबरीच्या जन्मापासूनच तिच्या पाठीशीं लागलेला आहे. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीं झाला व पुढच्याच वर्षीं बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ निघालें. त्यांत विधवांच्या दुःस्थितीचें चित्र आहे. प्रेमाचा विलास नाहीं. त्यामागून १८६१ सालीं लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ व १८६८ सालीं नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली, आणि वाचक अद्भुताच्या राज्यांत शिरला. असें कां व्हावें ? याचें कारण रिसबुडांनींच आपल्या प्रस्तावनेंत सांगून ठेविलें आहे. आपल्याकडील विवाहाच्या चाली व इतर कारणें यांमुळें आपल्या लोकांच्या चरित्रांत मनोरंजक असें फारसें सांपडत नाहीं, असा त्यांचा आशय आहे. हें एका लेखकाचें गाऱ्हाणें खरें. पण त्यांत साऱ्या समाजाचा कबुलीजबाब आहे. लग्न या शब्दाचा अर्थ कळण्यापूर्वींच जेथें मुलीचें लग्न होऊन जाई, तेथें तिनें कोणावर केव्हां प्रेम करावें ? प्रेम दाखवावयाचें तर लेखकास दूरच्या राजवाड्यांत जाण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

पुढें १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्यानें दहा वर्षांची मर्यादा बारा केली, तेव्हां केवढें वादळ उठलें हें सर्वश्रुत आहे. सन १९२९ च्या शारदा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें व १९७८ च्या दुरुस्तीनें तें अठरा झालें. वय वाढलें, शाळा उघडल्या, कॉलेजांत मुली दिसूं लागल्या, आणि मराठी कादंबरींतील प्रेम राजवाड्यांतून उतरून पुण्यामुंबईच्या रस्त्यावर आलें. प्रेमकथेनें समाज बिघडविला असें म्हणणाऱ्यांनीं हा क्रम नीट ध्यानांत घ्यावा. विचारण्याजोगी मुलगी घरांत आधीं आली. तिला विचारणारा नायक पुस्तकांत मागाहून आला.

आतां आमच्या आवडीविषयीं. आमच्या यादींत पहिलें नांव हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीचें आहे. ती १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. तिला कोणी प्रेमकथा म्हणत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु यमूला लिहावयास वाचावयास उत्तेजन देणारा, तिच्याशीं बरोबरीनें बोलणारा रघुनाथराव आणि त्या दोघांचे मुंबईंतील थोडे दिवस यांच्याइतकें गोड प्रियाराधन आम्हांस नंतरच्या पुष्कळ कादंबऱ्यांत आढळलें नाहीं. पुढें वैधव्य येतें आणि यमूचें केशवपन तिच्या इच्छेविरुद्ध होतें, तेव्हां वाचकाच्या काळजास घरें पडतात. कारण जिला एका माणसानें प्रत्येक गोष्टींत विचारलें, तिला तो गेल्यावर कोणीच कांहीं विचारीत नाहीं.

दुसरें नांव ना. सी. फडके यांचें. त्यांचें ‘जादूगार’ व ‘दौलत’ हीं पुस्तकें १९२८ आणि १९२९ सालचीं. घाटदार मांडणी, चटपटीत संवाद व पुढचें पान उलटावयास लावणारी उत्कंठा यांसाठीं आम्ही फडके आनंदानें वाचतों आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागत नाहीं. त्यांच्या नायिका शिकलेल्या आहेत, बोलतात, रुसतात, हेंही थोडें नव्हे. मात्र पोटाची विवंचना त्या सुखवस्तु जगांत सहसा डोकावत नाहीं, हें वैगुण्य आम्हांस दिसतें.

तिसरें नांव विभावरी शिरूरकर. या टोपणनांवामागें मालतीबाई बेडेकर होत्या. ‘कळ्यांचे निःश्वास’ हा त्यांचा कथासंग्रह १९३३ सालचा व ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी १९३४ सालची. पतीनें टाकलेल्या स्त्रीनें पुन्हा प्रेम करावें कीं नाहीं, हा प्रश्न येथें त्या स्त्रीच्याच बाजूनें मांडलेला आहे. आजवर नायक विचारीत होता. येथें स्त्री स्वतःस विचारूं लागली. गौरी देशपांडे यांच्या १९८० सालच्या ‘एकेक पान गळावया’ या पुस्तकांत हाच धागा पुढें गेलेला दिसतो. प्रेमाची गोष्ट अक्षता पडल्यावर संपत नाहीं, हें तेथें कळतें.

नावडतें कोणतें, तेंही सांगतों. नायिका ‘नाहीं’ म्हणते आणि नायक तिचा पिच्छा पुरवितो. शेवटीं ती वश होते व लेखक त्यास प्रेमाचा विजय म्हणतो, अशी कथा आम्हांस मुळींच आवडत नाहीं. नकार हा लाजेचा एक प्रकार आहे, हें शिकविणारें पुस्तक, त्यांत एकही शृंगारिक शब्द नसला तरी, तरुणांस अपायकारकच होय. तसेंच, दोघांची जात भिन्न म्हणून तीनशें पानें विरह चालावा आणि शेवटच्या प्रकरणांत नायिका मूळची नायकाच्याच जातीची निघावी, ही युक्ति भ्याडपणाची आहे. लेखकानें अडचण मांडली, तर ती सोडविण्याचें धैर्यही दाखवावें.

यावर कोणी म्हणेल कीं, हें सर्व प्रौढांस ठीक, पण कोंवळ्या मनांचें काय ? या शंकेस न्यायालयांतच उत्तर मिळालें आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांतील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व १९६९ सालीं लेखक निर्दोष सुटला. स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेखही कोंवळ्या वयास वर्ज्य ठरविला, तर त्या वयास कोणतीच कादंबरी वाचतां येणार नाहीं व केवळ धार्मिक ग्रंथ हातीं राहतील, अशा अर्थाचें मत न्यायालयानें त्या निकालांत दिलें आहे.

दोन सज्ञान व्यक्तींनीं परस्पर संमतीनें विवाह ठरविला असतां कुटुंबाची, जमातीची अथवा कुळाची संमति आवश्यक नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. तो निर्णय आपल्या मनाविरुद्ध लग्न करणाऱ्या मुलामुलींचे जीव घेणाऱ्या कुटुंबांच्या व पंचायतींच्या संदर्भांत द्यावा लागला, हें विसरतां कामा नये. कादंबरींतील नायिकेच्या होकाराची चर्चा ही रिकामपणची चर्चा नव्हे, ती एवढ्याचसाठीं.

म्हणून आमच्या वाचकांस विनंति इतकीच. घरांतील मुलीच्या हातांत प्रेमकथा दिसली तर ती हिसकावून घेऊं नये. ती वाचून झाल्यावर तिला विचारावें, यांतील कोणतें माणूस तुला आवडलें आणि कां ? तिच्या उत्तरावरून तिचें मन कळेल. आणि पुढें तिच्या लग्नाची गोष्ट घरांत निघेल, तेव्हां ‘तुझें मत काय’ असें तिला विचारणें त्या घरास अवघड जाणार नाहीं.