थंड अवस्थेत सुरू न होणारी जुनी डिझेल मोटार : गोडदेव परिसराच्या हवामानाच्या संदर्भात एक विवेचन

बीजशब्द : डिझेल इंजिन, संपीडन, हीटर प्लग, इंधनवाहिनी, सागरी हवामान

प्रास्ताविक :

भाईंदर पूर्वेकडील गोडदेव, नवघर या परिसरात टाटा सुमो, इंडिका, महिंद्राची जुनी जीप अशा डिझेल मोटारी अद्यापही अधूनमधून दृष्टीस पडतात. सुमोचे उत्पादन 1994 मध्ये सुरू होऊन 2019 मध्ये थांबले. 1998 च्या डिसेंबरात सादर झालेली इंडिका 2018 मध्ये बंद झाली. या वाहनांच्या बाबतीत हिवाळ्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. सकाळी कितीही सेल्फ मारला तरी गाडी सुरू होत नाही; मात्र एकदा सुरू झाली की दिवसभर तिची काहीच कुरकुर नसते. मालक दोष थंडीला देतो, आणि मिस्त्री पुष्कळदा थेट पंप उतरवण्याचा किंवा इंजिन खोलण्याचा सल्ला देतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, गोडदेवसारख्या ठिकाणी हे दोन्ही निष्कर्ष घाईचे ठरतात.

येथील थंडी ती केवढी? मुंबईत सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले नीचांकी तापमान 7.4 अंश सेल्सिअस आहे आणि तेही 22 जानेवारी 1962 चे. एरवी हिवाळ्यातील पहाट 16 ते 18 अंशांची असते. एवढ्या गारव्यात सुस्थितीतील डिझेल इंजिन अडत नाही. ते अडत असेल तर गारव्याने केवळ आधीपासून असलेला दोष उघडा पाडला, असे मानावे लागते.

उष्णतेचे गणित :

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबल्याने ती तापते व त्या तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. इंडिकासारख्या अप्रत्यक्ष इंधनक्षेपणाच्या इंजिनात संपीडन गुणोत्तर 22 च्या आसपास असते, म्हणजे हवा मूळ आकारमानाच्या बावीसाव्या भागात कोंबली जाते. संपीडनाचा घातांक 1.3 धरला, तर 16 अंशांची हवा सुमारे 460 अंशांपर्यंत तापते. हवा 27 अंशांची असती तर हा आकडा 485 च्या जवळ गेला असता. तात्पर्य, पहाट आणि दुपार यांतील फरक फार तर 25 ते 30 अंशांचा.

आता झिजलेल्या पिस्टन रिंगांमधून हवा निसटते आहे, बॅटरी अशक्त असल्याने इंजिन मंद फिरते आहे आणि त्यामुळे हवेची उष्णता सिलिंडरच्या थंड भिंतींत मुरण्यास अधिक वेळ मिळतो आहे, असे समजू. घातांक 1.3 वरून 1.2 वर उतरला, तर तेच तापमान 265 अंशांच्या आसपास येते. सुमारे 195 अंशांची ही घट हवामानाने घडवलेल्या फरकाच्या कितीतरी पट आहे. हे गणित ढोबळ असले तरी तपासणीची दिशा ठरवण्यास पुरेसे आहे.

फिरण्याच्या वेगाचे महत्त्व आपल्या शेतकऱ्याला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. विहिरीवरचे किर्लोस्कर इंजिन हँडल मारून सुरू करताना तो आधी डीकॉम्प्रेशनचा दांडा उचलून धरतो, चाकाला पुरेशी गती देतो आणि मगच दांडा सोडतो. मोटारीत ही सोय नाही; तेथे सगळा भार बॅटरी आणि सेल्फवर पडतो.

धुराची साक्ष :

कोणतेही अवजार हाती घेण्यापूर्वी सेल्फ मारताना दुसऱ्या माणसाने धुरांड्याकडे पाहावे. धूर मुळीच नसेल तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर इंधन पोहोचते आहे, परंतु पेटत नाही. अर्थात उष्णता अपुरी आहे. या एका निरीक्षणाने निम्मे काम होते, आणि त्याला पैसा लागत नाही. दुर्दैवाने तेच सर्वात कमी केले जाते.

पांढऱ्या धुराच्या बाबतीत पहिला संशय हीटर प्लगवर घ्यावा. अप्रत्यक्ष क्षेपणाच्या इंजिनात हवा एका लहान कक्षात घुसळली जाते व त्या कक्षाच्या भिंती बरीच उष्णता शोषून घेतात. ही उणीव हीटर प्लग भरून काढतो. डॅशबोर्डवरील दिवा लागला म्हणजे प्लग तापले, ही समजूत चुकीची आहे. तो दिवा सामान्यतः टायमरवर चालतो, प्लग जळालेले असले तरी तो लागतो आणि विझतो. खरी परीक्षा सोपी आहे. प्लगना जोडणारी पट्टी काढावी, टेस्ट लॅम्पचे एक टोक बॅटरीच्या धन अग्राला व दुसरे प्रत्येक प्लगच्या टोकाला लावावे. दिवा न लागल्यास त्या प्लगची तार तुटलेली आहे. चारांपैकी दोन प्लग मेलेले असतील तर गाडी दोनच सिलिंडरवर थरथरत सुरू होते आणि काही मिनिटांनी शहाण्यासारखी चालू लागते. सगळे प्लग शाबूत असूनही त्यांच्यापर्यंत वीज पोहोचत नसेल, तर रिले आणि जाड फ्यूज तपासावा.

येथे गोडदेवचा भूगोल आडवा येतो. भाईंदरभोवती खाडी आणि मिठागरे असल्यामुळे हवेत क्षार व दमटपणा कायम असतो. बॅटरीच्या अग्रांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, इंजिन व चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून कुजते. चार प्लग मिळून सुरुवातीला पन्नासेक अँपिअर वीज ओढू शकतात आणि सेल्फ त्याच्या कितीतरी पट. एवढा प्रवाह गंजलेल्या सांध्यातून जात नाही. सेल्फ मारताना बॅटरीचा दाब 9.6 व्होल्टच्या खाली घसरत असेल तर बॅटरी दोषी. बॅटरीवर तो ठीक असून सेल्फपाशी कमी भरत असेल तर वायर किंवा अर्थिंग दोषी. सांधे घासून, घट्ट करून ग्रीस लावणे हा बहुधा सर्वात स्वस्त उपाय ठरतो.

धूर नसल्यास :

रात्रभर उभ्या गाडीतील डिझेल हळूहळू टाकीकडे परतते व त्याची जागा हवा घेते. यालाच मिस्त्री ‘गाडी एअर घेते’ असे म्हणतात. सकाळी फिल्टरवरील हँडपंप कडक होईपर्यंत दाबावा. त्यानंतर गाडी लगेच सुरू झाली, तर कडक झालेला रबरी पाइप, सैल क्लिप किंवा फिल्टरचे वॉशर शोधावे. अशी फट डिझेल बाहेर सांडू देत नाही, फक्त हवा आत घेते. म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही. पंपाच्या अलीकडे काही काळ पारदर्शक नळी बसवल्यास बुडबुडे दिसतात. फिल्टरखालील पाणीही काढावे, कारण अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी साचते. रोटरी पंप असल्यास त्यावरील स्टॉप सोलेनॉइडला वीज मिळते का, हेही पाहावे. डिझेलमधील मेण गोठण्याचा विचार कोकणपट्टीत करण्याचे कारण नाही. तो प्रश्न लडाखचा. तेथील हिवाळ्यासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल आणले.

दोन प्रचलित उपायांबद्दल सावध करणे अगत्याचे आहे. हवेच्या नळीत ईथरयुक्त स्प्रे मारणे हीटर प्लग असलेल्या इंजिनात धोक्याचे आहे. तापलेल्या प्लगवर तो अवेळी भडकून पिस्टन फोडू शकतो. तसेच टायमिंग बेल्ट असलेली गाडी धक्का मारून सुरू करताना जुना बेल्ट दात सोडण्याची भीती असते.

एवढे करूनही पांढरा धूर कायम राहिला, तर मात्र संपीडन मोजून घ्यावे. त्याआधी टॅपेटचे अंतर तपासावे, कारण पूर्ण न मिटणारा व्हॉल्व्ह झिजलेल्या रिंगेचे सोंग घेतो. चांगल्या इंजिनात दाब साधारणतः 25 ते 30 बार भरतो. तो 20 च्या खाली असेल किंवा एखादा सिलिंडर इतरांहून बराच मागे असेल, तर नवे प्लग घालून गोडदेवात गाडी सुरू होईलही. पण तीच गाडी जानेवारीत निफाडला नेली आणि पहाटे पारा 2 अंशांवर उतरला, तर वरील गणितातून आणखी 35 अंश वजा होतील. पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीचा खर्च करण्यापूर्वी हा दाब मोजून घेणे हिताचे.